पोलीस ठाणे, रुग्णालय आणि गाव : मनोरुग्णांच्या सेवेत समन्वयाची गरज

तालुक्याच्या कोणत्याही गावी बसस्थानकाच्या आडोशाला किंवा देवळाच्या ओवरीत मळक्या कपड्यांतला, स्वतःशीच पुटपुटणारा एखादा माणूस दिसतो. कोणी त्याला भाकरी देते, कोणी हाकलून लावते. एखाद्या रात्री तो दगड भिरकावतो, आरडाओरड करतो आणि मग पोलिसांना बोलावणे जाते. पोलीस त्याला घेऊन जातात आणि रुग्णालयात पोहोचवितात. तेथे औषधे सुरू होतात, काही दिवसांनी तो शांत होतो आणि घरी परततो. घरी औषधे संपतात. ती आणण्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेप घालण्याइतका पैसा आणि सवड शेतमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबापाशी नसते. दोन-तीन महिने लोटतात आणि तो माणूस पुन्हा त्याच बसस्थानकावर येऊन उभा राहतो.

या फेऱ्यात पोलिसांनी आपले काम केलेले असते, डॉक्टरांनी उपचार केलेले असतात, न्यायालयापुढे प्रकरण गेलेच असेल तर तेथेही आदेश झालेला असतो. प्रत्येक कार्यालयाच्या दप्तरात प्रकरण निकाली निघालेले असते. निकाली निघालेला नसतो तो फक्त त्या माणसाचा प्रश्न. एका यंत्रणेचे काम जेथे संपते आणि दुसरीचे सुरू व्हायला हवे, नेमक्या त्या जागी तो निसटतो. आरोग्य आणि न्याय या दोन यंत्रणांमधील ही मोकळी जागा कशी भरून काढता येईल, कायद्याने त्यासाठी कोणती तरतूद केली आहे आणि गावपातळीवरील पदाधिकारी, शिक्षक व कर्मचारी यांना त्यात काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळून आले. त्याहून गंभीर बाब अशी की, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. उपचार न मिळालेल्या या मोठ्या समुदायातील काही थोड्या व्यक्तीच वारंवार संकटात सापडतात. परंतु पोलीस ठाणे, अपघात विभाग, कारागृह आणि न्यायालय या सर्व ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारे चेहरे बहुधा त्यांचेच असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मानसिक आजार म्हणजे हिंसाचार, असे समीकरण समाजात रूढ आहे. वस्तुतः बहुसंख्य मनोरुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत. उलट मारहाण, फसवणूक, जमिनीच्या हिश्शातून बेदखल होणे आणि स्त्रियांच्या बाबतीत लैंगिक अत्याचार, अशा गुन्ह्यांना तेच अधिक प्रमाणात बळी पडतात. म्हणूनच पोलीस आणि न्यायसंस्था यांचा संबंध त्यांच्याशी केवळ बंदोबस्तापुरता नसून संरक्षणाचाही आहे.

कायद्याची वाटचाल

ब्रिटिश अमदानीत झालेल्या १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाचा मुख्य रोख समाजाचे मनोरुग्णांपासून रक्षण करण्यावर होता. रुग्णाला कोठे ठेवावयाचे, हा त्या कायद्यापुढील प्रश्न. त्याला बरे करून घरी कसे पाठवावयाचे, हा नव्हे. कोणताही गुन्हा न केलेल्या अनेक मनोरुग्णांना त्या काळी कारागृहातच ठेवण्यात येई.

यंत्रणांमध्ये दुवा नसला म्हणजे काय होते, याचे एक विदारक उदाहरण आसाममध्ये घडले. १९५१ साली अटक झालेल्या एका तरुणाला तेजपूर येथील मनोरुग्णालयात पाठविण्यात आले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो ठीक असल्याचा निर्वाळा दिला. मात्र त्याला घरी न सोडता पुन्हा कारागृहात पाठविण्यात आले. त्याच्यावर खटला चालला नाही, त्याची चौकशी करावयास कोणी आले नाही. २००५ मध्ये त्याची सुटका झाली, तेव्हा ५४ वर्षे लोटली होती आणि तरुण म्हणून आत गेलेला माणूस वृद्ध होऊन बाहेर आला होता. रुग्णालयाने कागद पाठविला, कारागृहाने तो ठेवून घेतला आणि पुढे काय झाले हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच ठरली नाही.

पत्रकार शीला बरसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, गुन्हेगार नसलेल्या मनोरुग्णांना कारागृहात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम अमलात आला होता. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले आणि साऱ्या देशाला धक्का बसला. पुढे संसदेने मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ संमत केला. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास या कायद्याने पूर्ण मनाई केली असून, उपचार हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

पोलिसांचे कर्तव्य : अटक नव्हे, संरक्षण

या अधिनियमाच्या कलम १०० ने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. आपल्या हद्दीत भटकत असलेली एखादी व्यक्ती मनोरुग्ण असून स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे, किंवा आजारामुळे तिच्यापासून तिला स्वतःला वा इतरांना धोका आहे, असे वाटण्यास कारण असल्यास तिला संरक्षणाखाली घेणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. संरक्षणाखाली का घेतले, हे त्या व्यक्तीला किंवा तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगितले पाहिजे. शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत तिला जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेले पाहिजे. अशा व्यक्तीला पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. या नियमाला कायद्याने कोणताही अपवाद ठेवलेला नाही.

तपासणीत रुग्णालयात दाखल करण्याची गरज नसल्याचे आढळल्यास तिला घरी पोहोचविणे आणि घर नसल्यास बेघरांसाठी असलेल्या शासकीय संस्थेत नेणे, हेही पोलिसांचेच काम आहे. बेघर अथवा भटकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत बेपत्ता व्यक्तीची खबर नोंदवून तिच्या कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. ही नोंद म्हणजे नुसता उपचार नव्हे. परप्रांतातून रेल्वेने भरकटत आलेल्या माणसाच्या शोधात त्याचे आईवडील आपल्या गावच्या ठाण्यात खेटे घालीत असतात. दोन नोंदींची गाठ पडली तरच तो माणूस घरी पोहोचतो. डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचारांनंतर त्यांच्या घरी नेऊन सोडले आहे. या कार्यासाठी त्यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरच्यांनी टाकून दिले, असे ज्यांच्याविषयी सर्रास गृहीत धरले जाते, त्यांच्यापैकी अनेकांची घरची माणसे प्रत्यक्षात त्यांची वाटच पाहत असतात, हा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चार भिंतींच्या आत होणाऱ्या छळाचाही कायद्याने विचार केला आहे. घरात मनोरुग्णाला वाईट वागणूक मिळत असल्याचे किंवा त्याची हेळसांड होत असल्याचे कळल्यास कोणीही नागरिक पोलीस ठाण्याला खबर देऊ शकतो आणि प्रभारी अधिकाऱ्याने ते दंडाधिकाऱ्यांना तत्काळ कळवावयाचे असते. गोठ्यात दावणीला बांधलेला भाऊ किंवा खोलीत कोंडलेली सून, हा त्या कुटुंबाचा खासगी मामला राहत नाही. मात्र अनेकदा घरची माणसे निर्दय असतात म्हणून नव्हे, तर दुसरा इलाजच माहीत नसल्याने बांधून ठेवतात. त्यांना धाक दाखविण्याआधी उपचारांचा मार्ग दाखविणे अगत्याचे आहे.

आरोग्य संस्थेची जबाबदारी

‘आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाहीत, जिल्ह्याला न्या,’ हे उत्तर ग्रामीण भागात नेहमी ऐकू येते. कायद्याची भूमिका याहून वेगळी आहे. रुग्णाच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्याकडून स्वतःला वा इतरांना गंभीर इजा होण्याची शक्यता असेल, तर कोणताही नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक तातडीचे उपचार करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. हे उपचार ७२ तासांपर्यंत, किंवा त्याआधी रुग्ण मानसिक आरोग्य संस्थेत तपासला जाईपर्यंत करता येतात. रुग्णाला पुढील संस्थेत पोहोचविणे हाही याच उपचारांचा भाग होय. शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या रीतीने आणि ज्या दर्जाची रुग्णवाहिका मिळते, त्याच रीतीने ती मनोरुग्णालाही मिळाली पाहिजे, असे अधिनियम सांगतो. हृदयविकाराच्या रुग्णासाठी १०८ क्रमांकाची गाडी येते आणि मनोरुग्णाला मात्र दोरीने बांधून टेम्पोतून न्यावे लागते, हा भेद कायद्याला मान्य नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आरंभ १९८२ मध्ये झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि आज तो देशातील बहुतेक जिल्ह्यांत पोहोचला आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दूरच्या मोठ्या रुग्णालयापेक्षा जवळच्या केंद्रात नियमित मिळणारी गोळी पुढचे संकट टाळण्यास अधिक उपयोगी पडते, हे या कार्यक्रमामागील सूत्र आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो व मराठीतूनही बोलता येते.

खुद्द महाराष्ट्रातील एक अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून नैराश्याची लक्षणे समजावून सांगितली, प्राथमिक समुपदेशन केले आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. प्रकल्पापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के व्यक्ती मदतीसाठी कोणाकडे गेल्या होत्या. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. नवी इमारत उभारून नव्हे, तर माणूस आणि सेवा यांच्यामधला दुवा उभा करून हा बदल घडला.

आत्महत्येचा प्रयत्न : धोक्याची घंटा

वारंवार येणाऱ्या संकटाचा सर्वांत दारुण प्रकार म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न. कीटकनाशक प्यालेल्या व्यक्तीला रुग्णालयात आणतात, उपचारांनी तिचा जीव वाचतो, पोलीस जबाब घेतात आणि चार-सहा दिवसांनी तिला घरी पाठविले जाते. विष उतरलेले असते. ज्या कारणाने ते घेतले, ते कारण घरी तसेच वाट पाहत असते. एकदा प्रयत्न केलेल्या व्यक्तीच्या बाबतीत पुन्हा प्रयत्न होण्याचा धोका मोठा असतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केली आहे.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार असा प्रयत्न पूर्वी गुन्हा ठरत असे आणि त्या भीतीने कुटुंबीय ‘चुकून औषध पोटात गेले’ असे सांगून मोकळे होत. २०१७ च्या अधिनियमाने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलम ठेवलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा तिच्या कलम २२६ नुसार गुन्हा मानला जातो. याशिवाय, प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला देखभाल, उपचार व पुनर्वसन मिळवून देऊन पुन्हा तशी वेळ येऊ न देण्याचे कर्तव्य २०१७ च्या अधिनियमाने शासनावर सोपविले आहे. म्हणून जबाब घेणाऱ्या पोलिसाने आणि घरी पाठविणाऱ्या डॉक्टराने एकमेकांशी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. सावकारी कर्ज, दारू, सासरचा छळ, परीक्षेतील अपयश यांपैकी कारण कोणते, हे जबाबात कळते. त्यावरील मदत मात्र दुसऱ्याच कार्यालयात असते. विवाहितेच्या बाबतीत संरक्षण अधिकारी, ‘सखी’ केंद्र किंवा १८१ ही महिलांसाठीची सेवा, तर विद्यार्थ्याच्या बाबतीत शाळा, असा दुवा त्याच दिवशी जोडला गेला पाहिजे.

न्यायालय आणि विधी सेवा

दंडाधिकारी अशा व्यक्तीला तपासणी व उपचारांसाठी सार्वजनिक मानसिक आरोग्य संस्थेत पाठविण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवस दाखल करून घेण्यास परवानगी देण्याचाही त्यांना अधिकार आहे. गुन्ह्याच्या आरोपात सापडलेली व्यक्ती मनोरुग्ण असल्यास तिच्याविषयीच्या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्याने कारागृहात मनोरुग्ण बंदी नसल्याबाबतचा अहवाल दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सादर करावयाचा आहे. आसाममधील प्रकारासारखा प्रसंग पुन्हा उद्भवू नये, यासाठी हा पहारा आहे.

मनोरुग्णाला या अधिनियमाखालील हक्क बजावण्यासाठी विनामूल्य विधी सेवा मिळविण्याचा अधिकार आहे. तशी माहिती त्याला देणे हे दंडाधिकारी, पोलीस अधिकारी आणि कोठडी वा तत्सम संस्थेचा प्रमुख यांचे कर्तव्य आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्यात विधी सेवा समिती आहे. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. जामीनदार मिळत नाही म्हणून अडकून पडलेला रुग्ण, नावावरची जमीन भावकीने बळकावलेली विधवा, बरी होऊनही कोणी न्यावयास येत नाही म्हणून रुग्णालयात राहिलेली स्त्री, अशांना वकिलाची गरज डॉक्टराइतकीच असते. केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असे अधिनियम स्पष्टपणे म्हणतो.

घरी परतल्यानंतर

रुग्णालयाचा दरवाजा ओलांडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. नेमक्या याच काळात रुग्ण कोणाच्याच नजरेत नसतो. गावपातळीवर पुढील गोष्टी विशेष खर्चाविना करता येण्यासारख्या आहेत :

एक. रुग्णाला घरी पाठविण्यापूर्वी रुग्णालयाने त्याच्या व कुटुंबाच्या संमतीने संबंधित प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. पहिल्या आठवड्यातच आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविकेने घरी भेट द्यावी.

दोन. औषधे संपण्याची तारीख कुटुंबाच्या आणि आरोग्यसेविकेच्या वहीत लिहिलेली असावी. गोळ्या संपल्यावर नव्हे, तर संपण्याच्या आठवडाभर आधी त्यांची व्यवस्था व्हावी.

तीन. झोप उडणे, जेवण सोडणे, अकारण संशय घेणे, घर सोडून निघून जाणे, ही पुन्हा आजार बळावण्याची लक्षणे कुटुंबाने ओळखावीत आणि ती दिसताच कोणाला कळवायचे, हे आधी ठरवून ठेवावे. प्रकृती ठीक असताना रुग्ण स्वतःही, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, याचा आगाऊ निदेश लेखी देऊ शकतो, तसेच आपला प्रतिनिधी नेमू शकतो.

चार. पोलीस पाटील हा गाव आणि ठाणे यांमधला जुना दुवा आहे. संकटाच्या वेळी प्रथम त्याला कळविले जाते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र, १०८ आणि टेली-मानस यांचे क्रमांक त्याच्यापाशी असावेत.

पाच. दीर्घकालीन मानसिक आजाराचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास पात्रतेनुसार संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाच्या ५ टक्के निधीतही अशा रुग्णांचा विचार व्हावा. जिल्ह्याच्या गावी जाण्याच्या बसभाड्याअभावी उपचार थांबतात, हे लक्षात घेतले म्हणजे या छोट्या रकमेचे मोल कळते.

सहा. शिक्षकांनी अशा घरातील मुलांकडे लक्ष द्यावे. आईला किंवा वडिलांना वेड लागले आहे म्हणून वर्गात होणारी टिंगल थांबविणे, ही त्या कुटुंबाची मोठीच सेवा होय.

समन्वय म्हणजे काय ?

समन्वय म्हणजे आणखी एक समिती आणि आणखी एक बैठक, असा अर्थ करून घेण्याचे कारण नाही. पोलीस ठाण्याचे अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे प्रतिनिधी, तालुका विधी सेवा समितीचे कार्यकर्ते आणि गटविकास अधिकारी यांनी महिन्यातून एकदा तासभर एकत्र बसावे. मागील महिन्यात कोण पुन्हा आले, का आले आणि पुढील वेळी ते टळावे यासाठी कोण काय करणार, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार करावा. प्रत्येक व्यक्तीसाठी एक जबाबदार कर्मचारी नेमून दिलेला असावा. ‘संबंधितांनी कार्यवाही करावी,’ असा शेरा मारला की संबंधित कोणीच राहत नाही, हा अनुभव प्रशासनाला नवा नाही.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. रुग्णाच्या आजाराची माहिती गोपनीय राखणे हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. ज्याला जेवढे कळणे कामासाठी आवश्यक आहे, तेवढेच कळवावे. पोलीस पाटलाला रुग्णाचे निदान कळण्याची गरज नसते. कोणाला बोलवायचे, एवढे कळले तरी पुरते. ग्रामसभेत नावे वाचून दाखविणे किंवा मनोरुग्णांची यादी फलकावर लावणे, असे प्रकार मदतीच्या नावाखाली अपकार करणारे ठरतील. समन्वयाचा उद्देश नजर ठेवणे हा नसून आधार देणे हा आहे.

कायदा झाला, योजना आल्या, दूरध्वनी क्रमांकही आले. तथापि बसस्थानकावर उभ्या असलेल्या त्या माणसाला यांपैकी कशाचीच माहिती नसते. त्याला ओळखणारा पोलीस, त्याची गोळी संपत आल्याचे लक्षात ठेवणारी आरोग्यसेविका, त्याच्या हक्कासाठी अर्ज लिहून देणारा विधी सेवक आणि त्याला नावाने हाक मारणारा सरपंच यांनी एकमेकांचा हात धरला, तर दोन-तीन महिन्यांनी होणारी त्याची ती फेरी थांबू शकेल. तो आपल्या शेतावर कामाला गेलेला आहे, म्हणून बसस्थानकावर दिसत नाही, असे ज्या दिवशी गाव सांगू शकेल, त्या दिवशी या सर्व यंत्रणांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.